थंड काम घरी, गरम काम बाहेर



आज बोलायचं आहे ते आपल्या अंगणातल्या मोटरसायकलबद्दल. तुम्ही म्हणाल, गाडीचं काय ते पुरुष बघतील. पण आमच्या दाभोळसारख्या गावात कुणी होडीवर असतं, कुणी मुंबईला. गाडीखाली पेट्रोलचा डाग दिसतो तेव्हा घरात आपणच असतो, आणि आतल्या खोलीत चूल पेटलेली असते. म्हणून टाकी गळायला लागली तर घरी काय करता येतं आणि काय अजिबात करायचं नाही, हे आज समजून घेऊ.

आधी टाकी गळते का ते पाहू. खाडीवरच्या खाऱ्या हवेनं पत्रा गंजतो हे आपल्याला माहीत आहे. पण टाकीचा खरा गंज आतून चढतो. टाकीच्या झाकणाजवळ पावसाचं पाणी बाहेर जायला एक बारीक भोक असतं. ते मातीनं बुजलं की पाणी आत झिरपतं. टाकी अर्धी रिकामी असली तर आतल्या दमट हवेचंही पाणी होतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी जाऊन बसतं आणि तिथला पत्रा खातं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं, ते ओल ओढून घेतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाईप आणि वायसरही त्यानं लवकर खराब होऊ शकतात. म्हणून टाकी बहुतेक वेळा तळाच्या कोपऱ्यात, सांध्यावर नाहीतर कॉकपाशी गळते.

थेंब थेंब गळतंय म्हणून सोडून देऊ नका. तासाला चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली पेट्रोल गेलं, तर दिवसाला १२० मिली जातं. आठ दिवसांत जवळजवळ एक लिटर गेलं. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे आगीची.

सिलिंडरचा वास आला की आपण काय करतो? चूल विझवतो, दारं-खिडक्या उघडतो, दिव्याच्या बटणाला हात लावत नाही. पेट्रोलचंही तेच. त्याची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते. पडवीतल्या गाडीची वाफ उंबरठा ओलांडून चुलीपर्यंत किंवा देवापुढच्या निरांजनापर्यंत पोचू शकते. आणि पेट्रोलला गार-गरम कळत नाही. शून्याखाली ४० अंशांपर्यंत गार केलं तरी पेटण्याइतकी वाफ त्यातून सुटते.

म्हणून पहिलं काम म्हणजे गाडी चालू न करता ढकलत अंगणात, घरापासून लांब, वाऱ्यावर आणि सावलीत न्या. किल्ली काढून घ्या, पेट्रोलचा कॉक बंद करा. चूल, विडी, उदबत्ती सगळं विझवा. मुलांना लांब ठेवा. मोबाईल घरातच राहू दे.

आता गळतं कुठून ते शोधा. थेंब पडतो तिथंच भोक असतं असं नाही. पेट्रोल पत्र्यावरून ओघळत जातं आणि सगळ्यात खालच्या टोकावरून टपकतं. टाकीचा खालचा भाग सुती फडक्यानं कोरडा पुसा, त्यावर खडूची पूड लावा. ओली रेघ उमटेल, ती वरच्या दिशेनं जिथं संपते तिथं गळती आहे.

पुष्कळदा टाकी चांगलीच असते. कॉकचा वायसर कडक झालेला असतो, पाईपला चीर गेलेली असते किंवा क्लिप सैल झालेली असते. हे स्वस्तातलं काम आहे. टाकी रिकामी करून कॉक उतरवायचा, जुना वायसर घेऊन दुकानात जायचं आणि तशाच मापाचा नवा आणायचा. पाईप पेट्रोलचाच मागा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा पेट्रोलनं फुगतो. मात्र एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाडीत बहुधा टाकीच्या आतच पंप असतो आणि पाईपमध्ये दाब असतो. तो पाईप घरी सोडवू नका.

पेट्रोल काढताना तोंडानं नळी ओढू नका. घोटभर आत गेलं तर फुप्फुसाला इजा होते. कुणाच्या पोटात गेलंच, तर उलटी करायला लावू नका, थेट दवाखाना गाठा. पेट्रोल घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात काढा. प्लास्टिकच्या बादलीत ठिणगी उडण्याइतकी वीज साठू शकते. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानंही घरी थोडं पेट्रोल ठेवायचं तर ते काच, चिनीमाती किंवा धातूच्या बंद भांड्यातच ठेवायला सांगितलं आहे.

भोक टाचणीएवढं असेल तर मेकॅनिककडे पोचेपर्यंत अंगाचा साबण कामाला येतो. टाकी रिकामी करा, जागा पुसा आणि कोरडी साबणाची वडी त्यावर जोरानं घासा. साबण पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. त्यामुळे पावसात हा उपाय टिकत नाही.

त्याहून बरं म्हणजे एम-सीलसारखी दोन गोळ्यांची लांबी. पाकिटावर ती धातूला आणि पेट्रोलला चालते असं लिहिलेलं बघून घ्या. टाकी रिकामी केल्यावर भोकाभोवतीचा रंग आणि गंज ओल्या पॉलिश पेपरनं हातानं घासून काढा. ग्राइंडर नको, ड्रिल नको. साबणाच्या पाण्यानं तेलकटपणा पुसून जागा पूर्ण कोरडी होऊ द्या. दोन्ही गोळ्या सारख्या घेऊन रंग एकसारखा होईपर्यंत मळा. भोकापेक्षा बोटभर मोठं थापा, कडा दाबून पातळ करा आणि एक दिवस-रात्र तसंच ठेवा. मग थोडंच पेट्रोल घालून खाली कागद ठेवून बघा. फेविक्विक आणि सिलिकॉन पेट्रोलपुढे टिकत नाहीत.

ही सगळी थंड कामं झाली, ती घरी होतात. पण एक भोक पडलं म्हणजे आजूबाजूचा पत्राही पातळ झालेला असतो. सांधाच गळत असेल, बोटानं दाबल्यावर पत्रा आत जात असेल, तर लांबी लावून फसू नका. टाकी उतरवून वेल्डिंगला द्या किंवा बदला.

वेल्डिंगचं काम शेजारच्या मुलाकडून अंगणात करून घेऊ नका. लोक म्हणतात, टाकी रिकामी आहे, काय होतंय? मैत्रिणींनो, रिकामी टाकी रिकामी नसते. हवेच्या शंभर भागांत साधारण दीड ते साडेसात भाग पेट्रोलची वाफ मिसळली की स्फोटाचं मिश्रण तयार होतं. भरलेल्या टाकीत वाफेला हवाच कमी मिळते, रिकाम्या टाकीत ती भरपूर मिळते. म्हणून रिकामी टाकी भरलेलीपेक्षा घातक. जाणकार कारागीर आधी टाकी साबणाच्या पाण्यानं पुनःपुन्हा धुतो आणि डाग लावायची जागा सोडून बाकी टाकी पाण्यानं भरतो. तो असं करतो का, हे विचारायला लाजू नका.

गळकी गाडी घेऊन धोपाव्याच्या फेरीबोटीवर चढू नका. वळसा घालून चिपळूणमार्गे जाणं लांब पडतं हे खरं, पण बोटीवर गाड्या खेटून उभ्या असतात आणि माणसांना उतरायला जागा नसते.

आग लागलीच तर पाणी मारू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, आग पसरते. वाळू किंवा माती टाका, जमलं तर ओलं गोणपाट. आग मोठी असेल तर गाडी सोडा, माणसं बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा. कपड्यांवर पेट्रोल सांडलं असेल तर चुलीजवळ जाण्याआधी ते बदला. भाजलं तर वीस मिनिटं साधं पाणी ओता आणि १०८ ला फोन करा.

पावसाळ्याआधी चार कामं करून ठेवा. झाकणाजवळचं भोक तारेनं साफ करा, झाकणाचं रबर बघा, टाकीखालची माती धुवा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा आणि ती चुलीच्या खोलीपासून लांब उभी करा.

गटाच्या पुढच्या बैठकीला दारात जेवढ्या गाड्या लागतील, त्या सगळ्यांच्या टाकीखाली एकदा हात फिरवून बघा. हाताला पेट्रोलचा वास आला, तर त्या मैत्रिणीला तिथंच सांगा. आणि एवढं नक्की लक्षात ठेवा: थंड काम घरी, गरम काम बाहेर.