वळवाचा पाऊस: गार वारा सुटला की झाडाखाली का थांबू नये?

९ एप्रिल २०२३, रविवारची रात्र. अकोला जिल्ह्यातल्या पारस गावात बाबूजी महाराज मंदिर परिसरात भाविक जमले होते. वादळी पाऊस आला म्हणून लोक पत्र्याच्या शेडखाली थांबले. शेजारचं कडुनिंबाचं जुनं झाड त्याच शेडवर कोसळलं. ७ जणांचा जीव गेला.

पावसापासून वाचायला शोधलेला आडोसाच घातक ठरला.

एवढा वारा येतो कुठून?

वळवाच्या ढगातून पाऊस पडू लागला की खालच्या कोरड्या हवेत बऱ्याच थेंबांची वाफ होते. त्यामुळे हवा गार आणि जड होऊन वेगाने खाली येते, जमिनीवर आदळते आणि चहूकडे पसरते. फरशीवर बादलीभर पाणी ओतावं तशी. पावसाआधी येणारी गार झुळूक ती हीच. उकाड्यात ती सुखावते, लोक मुद्दाम रील काढायला बाहेर पडतात. पण काही मिनिटांतच हा वारा ताशी ६०-७० किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतो. आणि वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो.

हिरवंगार झाड कसं पडतं?

पानांनी भरलेला घेर शिडासारखा वारा अडवतो. बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात. शहरात केबल आणि पाइपलाइनसाठी नेमकी तीच तोडली जातात, वर बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं जातं. झाडाभोवती किमान १ मीटर जागा मोकळी ठेवा, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांबाबत बजावलं होतं. तुमच्या गल्लीतले बुंधे एकदा बघाच.

शिवाय खोड आतून पोकळ झालं तरी पानं हिरवी राहू शकतात, कारण पाणी वाहून नेणारा जिवंत भाग सालीलगत असतो. त्यामुळे नुसत्या हिरव्या पानांवर विसंबू नका. झाड अचानक कललं असेल, बुंध्याजवळच्या मातीला भेगा पडल्या असतील किंवा खोडावर अळंबी उगवली असेल, तर महापालिकेच्या उद्यान विभागाला किंवा ग्रामपंचायतीला कळवा.

वाटेत वादळ गाठलं तर?

दुचाकीस्वार हमखास झाडाखाली थांबतात. त्याऐवजी पक्की इमारत, दुकान, पेट्रोल पंपाचं ऑफिस गाठा. होर्डिंग आणि पत्र्याची शेड टाळा. वारा थांबला तरी पडलेल्या फांदीला हात लावू नका, तिच्यात विजेची तार अडकलेली असू शकते.

विजांचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने बनवलंय. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा अंदाजही मोबाइलवर मिळतो.