खानदेशांतील खेळ आणि पाहुणा प्रेक्षक

खानदेश म्हटला कीं परक्या माणसाच्या डोळ्यांपुढें कापसाचें शेत, केळीची बाग आणि फार तर बहिणाबाईंचीं गाणीं उभीं राहतात. जळगांवला किंवा धुळ्याला कामानिमित्त उतरलेल्या पाहुण्यानें, "येथें रात्रीं पाहण्यासारखें काय आहे?" असें विचारलें, तर पुष्कळदां त्याला सिनेमागृहाचा रस्ता दाखविण्यांत येतो. वस्तुतः ज्या प्रांतांत यात्रेंतल्या तमाशाची ढोलकी पहाटेपर्यंत घुमते, आणि ज्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत पावरीच्या सुरावर रात्रभर फेर धरला जातो, तेथें पाहावयास उणें असें कांहीं नाहीं. मात्र काय पाहावें यापेक्षां कसें पाहावें हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. या कलांचें पुढील आयुष्य पुष्कळ अंशीं त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

पाहुण्यानें प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. कांहीं खेळ प्रेक्षकांसाठीं असतात व कांहीं देवासाठीं. पहिल्या प्रकारांत प्रेक्षक नसेल तर खेळच उभा राहत नाहीं. दुसऱ्या प्रकारांत प्रेक्षक नसला तरी कांहीं अडत नाहीं. उलट त्याची गर्दी झाली तर व्यत्यय मात्र येतो.

खानदेशी तमाशा हा पहिल्या प्रकारांतला. भिका-भीमा सांगवीकर यांच्यासारख्या फडांनीं त्याचें नांव गाजविलें. यात्रेची पंचमंडळी फडाला सुपारी देतात आणि गांवकरी उघड्या मैदानांत बसून खेळ पाहतात. ढोलकी, हलगी, झांज व तुणतुणें हीं त्याचीं मुख्य वाद्यें. खेळाला ठरलेला क्रम असतो. आरंभीं गणपतीचें स्तवन करणारा गण. मग कृष्ण, पेंद्या, गौळणी व मावशी यांची गवळण. त्यामागून विनोदी बतावणी आणि लावण्यांची रंगबाजी. आणि शेवटीं वग, म्हणजे प्रत्यक्ष नाटक. शहरी पाहुणा बहुधा लावणीसाठीं येतो आणि ती आटोपली कीं उठतो. पंगतींत बसून कोशिंबीर तेवढी चाखावी व पोळी येण्यापूर्वींच हात धुवावेत, तशांतला हा प्रकार होय. जुन्या परंपरेंत वगांतले संवाद पाठ केलेले नसतात. कथेचा सांगाडा सर्वांना ठाऊक असतो; शब्द मात्र त्या रात्रीं त्या गांवापुढेंच सुचतात. सोंगाड्या एखादी ओळखीची गोष्ट अहिराणींत टाकून देतो आणि हशा उसळतो. पाहुण्याला ती न कळली तर त्यानें शेजारीं बसलेल्या गांवकऱ्याला विचारावें. त्याच्याइतका चांगला वाटाड्या दुसरा मिळणार नाहीं.

गवळणींतली मावशी पुरुषच करतो. आणि जुन्या फडांत नाचणारी 'बाई'हि पुष्कळदां पुरुषच असे. त्याला नाच्या म्हणत. नवख्या प्रेक्षकाला ही थट्टेची बाब वाटते. त्यानें जपानांतील काबुकी या नाट्याकडे पाहावें. सतराव्या शतकाच्या प्रारंभीं ओकुनी नांवाच्या स्त्रीनें सुरू केलेल्या या प्रकारांत १६२९ सालीं स्त्रियांना राजसत्तेनें बंदी केली. पुढें पुरुष नटांनीं स्त्रीभूमिकेचें एक स्वतंत्र शास्त्रच घडविलें, आणि नटांच्या घराण्यांतून तें आजहि शिकविलें जातें. पण खानदेशच्या माणसाला उदाहरणासाठीं इतकें दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) यांनीं बालपणीं जळगांवांत मेहबूबखां यांच्यापाशीं गाण्याचे धडे घेतले. आणि हेच पुढें बालगंधर्व म्हणून स्त्रीभूमिकांच्या बळावर मराठी रंगभूमीचे अनभिषिक्त राजे झाले. जळगांवचें खुलें नाट्यगृह त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. संगीत नाटकांतल्या स्त्रीवेषाला मान द्यावा आणि तमाशांतल्या स्त्रीवेषाला हसावें, हा न्याय नव्हे.

दुसऱ्या प्रकाराचें उदाहरण धुळें जिल्ह्याच्या पश्चिमेस, साक्री तालुक्याच्या डोंगराळ भागांत आढळतें. मार्गशीर्ष महिन्यांत तेथील कोकणा व भिल्ल लोक डोंगऱ्या देवाचें व्रत करतात. व्रत धरणारे पुरुष अनवाणी राहतात, ब्रह्मचर्य पाळतात आणि रात्रीं अंगणांत फेर धरून नाचतात. साथीला पावरी असते. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि शिंगासारखें पसरत गेलेलें तोंड यांपासून हें वाद्य बनवितात. कोकणा लोकांत काशाच्या थाळीवर मेणानें काडी बसवून, तिच्यावरून बोटें ओढून निघणाऱ्या नादाबरोबर देवांच्या कथा सांगण्याचीहि रीत आहे. पौर्णिमेच्या सुमारास मंडळी डोंगरावरील देवाच्या स्थानीं रात्र काढतात आणि व्रताची सांगता होते. सातपुड्यांत काठी येथील होळीहि याच जातीची. ती आज ज्या नंदुरबार जिल्ह्यांत मोडते तो १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला. तेथें मोरपिसांचे उंच टोप घालून नाचणारे लोक आधीं कित्येक दिवस कडक नियम पाळतात. छायाचित्रासाठीं त्यांना पुन्हां एकदां नाचावयास सांगणें म्हणजे आटोपलेली पूजा पुजाऱ्याला पुन्हां मांडावयास लावणें होय.

मग पाहुण्यानें तेथें जाऊंच नये काय? जपानच्या क्यूशू बेटावरील ताकाचिहो या डोंगरी गांवानें या प्रश्नाचा विचार केलेला दिसतो. तेथील वाड्यावाड्यांतून नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत देवतांचीं नृत्यें होतात. एका रात्रींत तेहेतीस प्रवेश, तेहि सकाळपर्यंत! ज्या पाहुण्याला एवढी सवड नाहीं त्याच्यासाठीं गांवच्या देवळांत रोज रात्रीं आठ वाजतां तासाभराचा, चार प्रवेशांचा वेगळा प्रयोग होतो. त्यामुळें वाडीवरच्या रात्रीला कात्री लागत नाहीं आणि पाहुणाहि विन्मुख परतत नाहीं. संमेलनांतून पावरीनृत्याचे असे छोटे प्रयोग आपल्याकडेहि होतात. त्यांत गैर कांहीं नाहीं. मात्र तेंच मूळ व्रत आहे, असा समज प्रेक्षकानें करून घेऊं नये. मूळ व्रत पाहावयाचें असेल तर गांवांतील वडीलधाऱ्यांची अनुमति घ्यावी, जोडे बाहेर काढावेत, फेराच्या आंत शिरूं नये, आणि यंत्र बाहेर काढण्यापूर्वीं विचारावें.

तमाशाच्या मैदानांत मात्र पाहुण्यानें असा संकोच धरूं नये. तेथें त्याची हजेरी हवीच असते. फड सुपारीवर जगतो, सुपारी गर्दीवर मिळते, आणि मैदान ओस पडलें तर ढोलकीवाल्याचा मुलगा दुसरा धंदा शोधतो. डोंगरावर पाहुण्यानें आपलें अस्तित्व विसरावें आणि यात्रेंत तें मोकळेपणानें दाखवावें. एवढें तारतम्य ज्याला साधलें, त्याला खानदेशांत एक रात्र पुरणार नाहीं.