गोल करणार कोण? भारतीय फुटबॉल संघाची आघाडीची फळी सारखी का अडखळते

आधी एक आकडा बघा. २०२४ या अख्ख्या वर्षात भारताचा पुरुष फुटबॉल संघ ११ सामने खेळला. त्यात गोल किती झाले? चार. सहा सामने हरला, पाच बरोबरीत सुटले, जिंकला एकही नाही.

आता हे चार गोल कुणी केले तेही बघू. अफगाणिस्तानविरुद्ध सुनील छेत्रीने पेनल्टीवर एक. कतारविरुद्ध लालियानझुआला छांगतेने एक, तो बगलेने खेळणारा विंगर. व्हिएतनामविरुद्ध फारुख चौधरीने एक. मलेशियाविरुद्ध राहुल भेकेने हेडरवर एक, आणि भेके तर बचावपटू. म्हणजे गोलसमोर उभं राहून गोल करणं हेच ज्याचं काम, अशा पक्क्या स्ट्रायकरने चालत्या खेळात केलेला गोल शोधायला गेलं तर हाताला फारसं काही लागत नाही.

पुढच्या वर्षीही तेच. २०२७ च्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत पहिल्या पाच सामन्यांत भारताचे गोल दोन. शिलाँगला बांगलादेशशी ०-० बरोबरी, हाँगकाँगकडून ०-१ हार, सिंगापूरशी १-१, मग मडगावला घरच्या मैदानावर सिंगापूरकडूनच १-२, आणि ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. मडगावच्या पराभवानेच चषकाचं दार बंद झालं. जुलै २०२३ मध्ये जागतिक क्रमवारीत ९९ व्या जागी असलेला संघ २०२५ संपता संपता १४० च्या पलीकडे घसरला.

कोच बदलले, दुखणं तेच

संघ हरला की पहिला राग कोचवर निघतो. इगोर स्टिमॅच जून २०२४ मध्ये गेले. त्यांच्या जागी आलेले मानोलो मार्केझ जुलै २०२५ मध्ये गेले. ऑगस्टमध्ये खालिद जमील आले. तिघांची पद्धत वेगळी, स्वभाव वेगळा. तिघांनाही एकाच प्रश्नाने छळलं: बॉल पुढे गेला, आता मारणार कोण?

खालिद जमील यांच्या पहिल्याच सामन्यात भारताने ताजिकिस्तानला २-१ असं हरवलं. चांगला निकाल होता. पण ते दोन गोल अन्वर अली आणि संदेश झिंगन यांचे. दोघेही बचावपटू. कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो-इन अशा वेळी उंच बचावपटू पुढे जातात आणि डोकं लावतात, ते चांगलंच आहे. पण संघाचे गोल सतत मागूनच यायला लागले, तर पुढे काहीतरी बिघडलंय हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

राष्ट्रीय कोचच्या हातात खेळाडू किती दिवस असतात? सामन्याआधी आठवडा, फार तर दोन आठवडे. तेवढ्या वेळात तो संघाची रचना बसवू शकतो, कॉर्नरचे डाव शिकवू शकतो. स्ट्रायकर घडवू शकत नाही. स्ट्रायकर घडतो तो क्लबात. त्यामुळे गोलचं दुखणं शोधायचं तर शिबिरात नाही, क्लबात शोधावं लागतं.

९ नंबरचं काम नेमकं काय?

फुटबॉलमध्ये मधोमध पुढे खेळणाऱ्याला ९ नंबर म्हणतात. लांबून बघताना वाटतं, हा गडी नुसता उभा असतो आणि आयता बॉल मिळाला की मारतो. प्रत्यक्षात संघातलं सगळ्यात अवघड काम त्याचंच.

त्याच्या अंगावर दोन-दोन बचावपटू असतात. बॉल कुठे पडणार याचा अंदाज बॉल निघायच्या आधीच बांधावा लागतो. बचावपटूच्या नजरेआडून, त्याच्या पाठीमागून धाव घ्यायची असते. अर्धा सेकंद लवकर निघाला तर ऑफसाइड, अर्धा सेकंद उशीर झाला तर बॉल गेला. आणि पायाशी बॉल आला की थांबवून विचार करायला वेळ नसतो, एका स्पर्शात मारायचा असतो. ९० मिनिटांत अशा संधी दोन किंवा तीन. त्यातली एक साधली तर हिरो, तिन्ही हुकल्या तर गावभर चर्चा.

हे व्यायामशाळेत शिकता येत नाही. सरावात कोन मांडून मारलेले शंभर गोल एका बाजूला आणि खऱ्या सामन्यात, खऱ्या बचावपटूसमोर चुकलेले दहा शॉट एका बाजूला. माणूस शिकतो ते त्या चुकलेल्या दहातून. त्यासाठी आधी मैदानात उतरायला तर मिळालं पाहिजे.

जागा १३, त्यात आपले किती?

इथे खरी मेख आहे. देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, इंडियन सुपर लीगमध्ये, २०२४-२५ च्या हंगामात १३ संघ होते. म्हणजे देशभरातून ९ नंबरच्या जागा जेमतेम १३, आणि त्यातल्या बहुतेक परदेशी खेळाडूंकडे.

ही लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ११ पैकी ६ परदेशी खेळाडू उतरवता येत होते. २०१७ पासून ५, आणि २०२१ पासून ४. आकडा कमी होत गेला, ही चांगली गोष्ट. पण आता क्लबवाल्यांच्या जागी बसून विचार करा. चारच परदेशी उतरवायचे तर ते कुठे लावाल? जिथे सामना ठरतो तिथेच. एक मधला बचावपटू, एक खेळ रचणारा मध्यरक्षक, एक ९ नंबर आणि त्याच्या आजूबाजूला अजून एक. आपल्या पोरांच्या वाट्याला राहतं ते गोलकीपर, दोन्ही कडेचे बचावपटू आणि विंगर.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०१४ ते २०२५ या ११ हंगामांत लीगमधला सर्वाधिक गोलचा मान एकदाही भारतीय खेळाडूला मिळालेला नाही. २०२४-२५ मध्ये मोरोक्कोचा अलाएद्दीन अजारई २३ गोल करून पहिला आला. भारतीयांत पुढे कोण होतं? १४ गोल करणारा छेत्री. वय ४०.

मनवीर सिंगचं उदाहरण घ्या. राष्ट्रीय संघात त्याच्याकडून ९ नंबरची अपेक्षा असते. क्लबात, मोहन बागानकडे, तो उजव्या बगलेने खेळत आला. मधली जागा जेमी मॅक्लारेन, जेसन कमिंग्ज या ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंची. मोहन बागानचं यात चुकलं म्हणता येत नाही, त्यांनी २०२४-२५ मध्ये लीगची ढालही जिंकली आणि चषकही. पण वर्षभर बगलेने धावणाऱ्या खेळाडूला देशासाठी खेळताना एकदम मधे उभं करायचं आणि म्हणायचं, कर गोल. बैलाला वर्षभर मोटेला जुंपायचं आणि शर्यतीच्या दिवशी पळ म्हणायचं, त्यातलाच हा प्रकार.

आणि १० नंबर, म्हणजे स्ट्रायकरला बॉल पुरवणारा, तोही बहुतेक क्लबांत परदेशीच. त्यामुळे भारतीय संघात मारणाराही कच्चा आणि पुरवणाराही कच्चा, असं दुहेरी दुखणं आहे.

छेत्रीच्या मागे रांगच नव्हती

इतकी वर्षं हे जाणवलं का नाही? कारण एक माणूस सगळं झाकून होता. छेत्री २००५ मध्ये देशासाठी पहिल्यांदा खेळला. ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध ०-० सामना खेळून त्याने निरोप घेतला तेव्हा त्याच्या नावावर १५१ सामन्यांत ९४ गोल होते. सध्याच्या भारतीय खेळाडूंत त्याच्या पाव गोलांपर्यंतही कुणी पोचलेला नाही.

पूर्वी ही साखळी तुटत नव्हती. आय. एम. विजयनच्या जोडीला बायचुंग भुतिया खेळला. भुतियाच्या जोडीला छेत्री खेळला. थोरल्याकडे बघत धाकटा तयार झाला. १९९६-९७ मध्ये पहिली राष्ट्रीय लीग झाली तेव्हा जेसीटीकडून खेळणाऱ्या भुतियाने १४ गोल करून पहिला नंबर मिळवला होता. छेत्रीच्या जोडीला मात्र तसा कुणी तयार झाला नाही. मार्च २०२५ मध्ये ४० व्या वर्षी त्याला परत बोलवावं लागलं आणि आल्या आल्या मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. टाळ्या वाजवण्यासारखी गोष्ट, आणि तेवढीच काळजीचीही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मलेला रायन विल्यम्स भारतीय नागरिकत्व घेऊन संघाच्या शिबिरात आला. त्याचं स्वागतच आहे. पण बाहेरून एक-दोन खेळाडू आणून फळीचं भोक बुजेल, फळी तयार होणार नाही.

हे आपल्याकडेही घडतं

कोल्हापूरकरांना ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी यांच्या सामन्यांना गर्दी मावत नाही. पण मोठा सामना जिंकायचा म्हटलं की आपल्याकडच्या संघांनीही परदेशी खेळाडू आणले, आणि त्यांना कुठे खेळवलं? बहुतेक वेळा पुढेच. पेठेतला पोरगा बगलेला सरकला, नाहीतर बाकावर बसला. वर सुपर लीगमध्ये जे घडतं, त्याचीच ही छोटी आवृत्ती.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव आठवा. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात तो देशाच्या आघाडीच्या फळीत होता. पुढे मोठ्या क्लबांत गेल्यावर तो बगलेने खेळताना दिसू लागला. त्या विश्वचषकात भारताचा एकमेव गोल झाला तोही कॉर्नरवर, मध्यरक्षक जॅक्सन सिंगच्या हेडरने.

गडहिंग्लजसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं फुटबॉल जपला गेलाय. दिवाळीत तिथे देशभरातले संघ येतात. म्हणजे हौस आहे, प्रेक्षक आहेत, पोरंही आहेत. कमी पडतात ते सामने. शाळेच्या संघाला वर्षात मिळतात किती? शालेय स्पर्धा बाद पद्धतीची असते. पहिलाच सामना हरला की वर्ष संपलं. चौदा वर्षांच्या स्ट्रायकरला वर्षात तीन-चार सामने मिळाले, तर तो चुकणार कधी आणि शिकणार कधी?

शिवाय सर लोकांचीही एक सवय असते. सगळ्यात वेगवान पोराला बगलेला लावायचं आणि लांब बॉल टाकायचा. त्या वयात ते चालतंही, कारण वेगापुढे समोरची पोरं हरतात. पण डोक्याने जागा शोधणारा, एका स्पर्शात मारणारा पोरगा त्यात मागे पडतो. बगलेने पळणारे आपल्याकडे भरपूर का आणि मधे मारणारे कमी का, याचं एक उत्तर इथेही आहे.

मग परदेशी बंदच करायचे का?

काही जणांचं म्हणणं तसं आहे. पण ते इतकं सरळ नाही. परदेशी स्ट्रायकरला रोज सरावात रोखून आपले बचावपटू सुधारतात. प्रेक्षक येतात, खेळाचा दर्जा वाढतो. जपानने १९९३ मध्ये व्यावसायिक लीग सुरू केली तेव्हा झिको, लिनेकर अशी मोठी नावं आणली होती. पहिल्या हंगामात सर्वाधिक गोल अर्जेंटिनाच्या रामोन दियाझचे. पण पाचच वर्षांनी, १९९८ मध्ये, ३६ गोल करून पहिला आला तो जपानचाच मासाशी नाकायामा. त्याच वर्षी जपानचा विश्वचषकातला पहिलावहिला गोलही त्यानेच केला. परदेशी होतेच, पण घरच्या स्ट्रायकरला दर आठवड्याला खेळायला मिळत होतं.

आपल्याकडे २०२२ पासून तरुण खेळाडूंसाठी डेव्हलपमेंट लीग सुरू झाली, ती पावलं बरोबर आहेत. पण वरच्या लीगचं गणित अजून कच्चं आहे. २०२४-२५ मध्ये एका संघाला साखळीत २४ सामने मिळाले. इंग्लंडमध्ये ३८ असतात. आणि जुलै २०२५ मध्ये तर आयोजनाच्या कराराचा घोळ होऊन पुढचा हंगामच लटकला. ज्या वर्षी पात्रता फेरीचे निर्णायक सामने होते, त्याच वर्षी आपले खेळाडू लीग कधी सुरू होणार याची वाट बघत होते.

पुढे काय बघायचं

पुढच्या वेळी भारत ०-० सुटला किंवा ०-१ हरला, तर कोचचं नाव बघण्याआधी एक गोष्ट तपासा. त्या दिवशी मधे पुढे खेळलेल्या पोराला गेल्या दोन महिन्यांत त्याच्या क्लबाने त्याच जागेवर किती मिनिटं खेळवलं? शंभरच्या आत उत्तर आलं, तर त्याच्या हुकलेल्या शॉटवर चिडण्यात अर्थ नाही.

आणि तालुक्याच्या मैदानावर एखादा बारा-तेरा वर्षांचा पोरगा गोलसमोर तीनदा चुकला, तर त्याला लगेच बाहेर काढू नका. सरांनी त्याला चौथी संधी मिळेपर्यंत तिथेच राहू द्यावं. स्ट्रायकर नावाचं पीक एका पावसात येत नाही.