टॅपेटची टकटक : नऊ गमती

मंचरचा बाजार असो, नारायणगावचं टोमॅटो मार्केट असो की ओतूरचा स्टँड, जुनी गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. कुणाची मारुती ८००, कुणाची ओम्नी, कुणाची महिंद्रा जीप. बॉनेटखालची ती टकटक टॅपेटची, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या दुव्याची. ती घालवायला निघण्याआधी ती काय सांगते तेवढं ऐकून घ्या.

१. सेकंदाला दीडशे ठोके
जुन्या मारुती ८०० ला तीन सिलिंडर आणि सहा व्हॉल्व्ह. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं तेव्हा कॅम बरोबर निम्मे, म्हणजे १५०० फेरे घेतो. प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो, सहा मिळून १५० वेळा. अर्धा तास याच गतीने गाडी चालली की हिशेब २ लाख ७० हजारांवर जातो!

२. कान निम्मा ताल ओळखतो
कॅम निम्म्या गतीने फिरतो म्हणून टॅपेटही निम्म्या तालात वाजतो, आवाज वरच्या बाजूने येतो आणि हलका असतो. जाणता मेकॅनिक लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर आणि मूठ कानाला लावून नेमका कुठला टॅपेट वाजतोय ते शोधतो. खालून जड, दणकट ठोका येत असेल तर ते बेअरिंग असू शकतं. मग गाडी पुढे दामटू नका.

३. फट हवीच
इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते. तिला जागा मिळावी म्हणून टॅपेट सेट करताना मिलिमीटरच्या एका लहानशा अंशाएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते. नारायणगावच्या तमाशातली ढोलकी आठवा : फार ताणली तरी बोल बिघडतो, सैल सोडली तरी बिघडतो. टॅपेट गरजेपेक्षा आवळला तर आवाज जातो, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. धुराच्या बाजूचा व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता बैठकीवर टेकून बाहेर टाकतो. टेकायलाच मिळालं नाही तर तो जळतो. म्हणून थोडा वाजणारा टॅपेट परवडतो, मुका झालेला परवडत नाही.

४. गॅसवरची गाडी गप्प होत जाते
जुन्या पेट्रोल गाडीला एलपीजी किंवा सीएनजी किट बसवलं की व्हॉल्व्हच्या बैठका जास्त झिजू शकतात. व्हॉल्व्ह आत सरकतो आणि फट कमी होते. गाडी दिवसेंदिवस शांत होतेय म्हणून मालक खूश असतो आणि नेमकं तेव्हाच तिचे टॅपेट मोजायला हवे असतात.

५. नऊची बेरीज
अँबॅसिडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनात आठ व्हॉल्व्ह एका रांगेत. कुठला टॅपेट कधी सेट करायचा? बेरीज नऊ करा. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की पहिला सेट करा, सातवा उघडला की दुसरा, सहावा उघडला की तिसरा. कागद लागत नाही, खूण लागत नाही. तीन सिलिंडरच्या मारुतीला मात्र हा हिशेब चालत नाही.

६. फीलर गेजही फसतं
व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर झिजून त्यात खळगा पडला की फट मोजणाऱ्या गेजची सपाट पत्ती खळग्याच्या कडांवर टेकते, तळाला पोचत नाही. पत्ती सांगते फट बरोबर, पण खरी फट मोठीच राहते. कितीही वेळा सेटिंग केलं तरी टकटक जात नसेल तर पाना खाली ठेवा आणि रॉकर तपासा.

७. खोडदच्या दुर्बिणीचे कान वेगळे
जुन्नर तालुक्यातल्या खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातल्या रेडिओ लहरी टिपतात. पेट्रोल इंजिनाच्या स्पार्क प्लगची ठिणगी रेडिओ लहरींचा गोंगाट करते. अमेरिकेत ग्रीन बँकच्या दुर्बिणीजवळ म्हणूनच डिझेल गाड्या वापरतात. डिझेलला ठिणगी लागत नाही. रेडिओ दुर्बिणीच्या हिशेबाने टॅपेट वाजवत जाणारी डिझेल जीप एखाद्या मुलायम पेट्रोल कारपेक्षा शांत ठरू शकते!

८. रांजणगावचं स्वतःच सेट होणारं इंजिन
लेण्याद्री आणि ओझर करून अष्टविनायकाचे भाविक शिरूर तालुक्यातल्या रांजणगावला जातात. तिथल्याच औद्योगिक वसाहतीत पुंटो आणि लिनिया या गाड्यांचं १२४८ सीसी मल्टिजेट डिझेल इंजिन बनत असे. त्यात हायड्रॉलिक टॅपेट : तेलाचा दाब फट आपोआप भरून काढतो, गेजची गरजच नाही. ही सोय कॅडिलॅकने १९३० च्या सोळा सिलिंडरच्या गाडीत दिली होती. रात्रभर उभ्या गाडीतलं तेल खाली उतरतं, म्हणून सकाळी असे टॅपेट दोन-चार सेकंद वाजले तर घाबरू नका.

९. आधी तेल, मग पाना
स्वस्तातून महागाकडे जा. आधी डिपस्टिक काढून तेल बघा. कमी, पातळ किंवा जुनं तेल हे टकटकीचं सगळ्यात सोपं कारण. मग एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग पाहा : तिथून धूर फुटला की हुबेहूब टॅपेटसारखा आवाज येतो आणि इंजिन तापलं की बरेचदा कमी होतो. डिझेल जीपमध्ये इंजेक्टरही तसाच ठोकतो. एवढं झाल्यावर सेटिंग. कंपनीच्या पुस्तकात फट थंड इंजिनाची दिली आहे की गरम, ते आधी वाचा, कारण काही इंजिनांत ती तापल्यावर वाढते तर काहींत घटते. सेटिंगनंतर टॅपेट कव्हरचं पॅकिंग नवं टाका, नाहीतर तेल गळेल. आणि मेकॅनिकला "आवाज बंद करा" म्हणू नका, "फट मोजून द्या" म्हणा. माप बरोबर असेल तर उरलेली हलकी, एकसारखी टिकटिक घेऊन माळशेज खुशाल चढा.