कोठडीतल्या स्त्रीचे हक्क : शीला बर्से निकाल

अटक झालेल्या स्त्रीला सर्वांत जास्त धोका असतो तो पोलीस कोठडीत. घरी निरोप पोचलेला नसतो, वकील गाठलेला नसतो आणि चौकशी करणारे व पहारा देणारे एकाच ठाण्याचे असतात. आत काय घडले ते पुढे तुरुंगात गेल्यावर, तेही कुणी विचारले तरच, बाहेर येते.

मे १९८२मध्ये पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातल्या १५ स्त्री कैद्यांना ते विचारले. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्या पत्रालाच रिट याचिका मानले. शहानिशा करण्यासाठी निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात पाठवण्यात आले. कैद्यांशी बोलताना दुसरे कुणीही हजर नसावे, असे न्यायालयाने बजावले होते. या एका अटीवर सारे अवलंबून होते, कारण शिपाई शेजारी उभा असताना मारहाणीचा उच्चार करण्याची हिंमत कोण करील? देसाई यांच्या अहवालातून आणखी एक दुखणे पुढे आले. कच्च्या कैद्यांना कायद्याची मदत मिळण्याची धड सोयच नव्हती. दोन परदेशी स्त्रियांची तर तक्रार होती की, फीच्या नावाखाली त्यांच्या वकिलानेच जवळजवळ निम्मे सामान आणि दागिने दाबून ठेवले.

न्या. पी. एन. भगवती यांच्या पीठाने १५ फेब्रुवारी १९८३ रोजी निकाल दिला. चांगल्या वस्तीतल्या चार-पाच कोठड्या फक्त स्त्रियांसाठी राखाव्यात, तिथे महिला शिपायांचा पहारा असावा आणि स्त्रीची चौकशी महिला पोलिसांच्या समक्षच व्हावी, असे आदेश त्यात होते. अटकेची खबर नातलगाला किंवा मित्राला आणि जवळच्या कायदा सहाय्य समितीला ताबडतोब द्यायची होती. दंडाधिकाऱ्याने आरोपीला छळाची तक्रार आहे का, हे स्वतःहून विचारायचे होते. शहर सत्र न्यायालयाच्या एका, शक्यतो महिला, न्यायाधीशाने कोठड्यांना अचानक भेटी द्यायच्या होत्या. अटक झालेल्याचे हक्क मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावण्याचा आदेश वरवर किरकोळ वाटतो. पण हक्क आहे हेच ठाऊक नसलेल्या बाईला बाकीचे सारे आदेश निरुपयोगी. आणि जिला वाचताच येत नाही, तिला तो कागदही पुरत नाही. तिला कुणीतरी सांगावेच लागते.

या निकालातले पुष्कळसे पुढे कायद्यातही उतरले. त्याशिवाय फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २००५च्या दुरुस्तीने सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करण्यास मनाई झाली. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यायची असते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम ४३मध्ये आहे. मद्रास उच्च न्यायालयाने मात्र २०२५मध्ये ती बंधनकारक नसून मार्गदर्शक असल्याचे ठरवले. म्हणजे ती पाळली नाही एवढ्यावरून अटक बेकायदा ठरत नाही, पण न पाळण्याचे कारण अधिकाऱ्याला द्यावे लागते.