आधी लग्न, मग प्रेम

प्रेमाच्या मालिकेपुढे पहिल्या भागापासून एकच पेच असतो. दोघं एकत्र आली की गोष्ट संपते, आणि वाहिनीला तर ती रोज चालवायची असते. मग अडथळे आणले जातात: कारस्थानी आत्या, अपघातानंतरचा स्मृतिभ्रंश, अचानक उगवलेली जुनी प्रेयसी. असे अडथळे बाहेरून यायला लागले की आधी विनोद मरतो, मागोमाग प्रेमही.

जानेवारी 2012मध्ये झी मराठीवर आलेल्या ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ने हा पेच सुरुवातीलाच सोडवला. घनाला अमेरिकेला जायचंय, राधाला लग्नच नकोय, आणि घरचे मात्र हटून बसलेत. म्हणून दोघं करार करून लग्न करतात; पुढे वेगळं व्हायचं, हेही ठरवून. शेवटासाठी राखून ठेवायचं लग्न असं आधीच उरकलं. अडथळा उरला तो फक्त त्या दोघांच्या मनात.

एरवी मालिकांतलं एकत्र कुटुंब म्हणजे भांडणांचं कोठार. इथे मात्र घनाचं, म्हणजे काळ्यांचं, भरलेलं घर या दोघांचा प्रेक्षक होतं. चारचौघांत नवरा-बायकोचं नाटक, खोलीचं दार लागलं की खरी वादावादी. हळूहळू ते नाटकच खरं होत जातं, आणि हे त्यांच्याआधी आपल्याला कळतं. सगळी गंमत त्या ‘आधी’त आहे. दिग्दर्शक सतीश राजवाडे, घना झालेला स्वप्नील जोशी आणि राधा झालेली मुक्ता बर्वे यांनी 2010च्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’त जवळजवळ नुसत्या गप्पांवर अख्खा चित्रपट तोलला होता. ती सवय इथे कामी आली.

दोघं एकत्र आली की प्रेक्षक जातो, असं म्हणणारे अमेरिकेतल्या ‘मूनलायटिंग’ या मालिकेचा (1985 ते 1989) दाखला देतात. तो अर्धाच खरा आहे. नायिका सिबिल शेफर्डचं बाळंतपण, नायक ब्रूस विलिसचा ‘डाय हार्ड’ चित्रपट, 1988मधला लेखकांचा संप, या सगळ्यात ती जोडी पडद्यावर एकत्र दिसेनाशीच झाली होती. प्रेक्षकाला हवी असते त्यांची जुगलबंदी. ती लग्नानंतरही रंगू शकते.

घना-राधाची गोष्ट त्याच वर्षी, वेळेत संपली. वाहिन्यांनी प्रेमाच्या मालिकांचे भाग आधीच ठरवून घ्यावेत आणि लेखकाला शेवट माहीत असू द्यावा. मराठी प्रेक्षक अशी मालिका आवडीने बघतो, हे 2012मध्येच सिद्ध झालं आहे.