मनाचे मोजमाप आणि हिशेबनीस

संख्याशास्त्राचे नाव काढले की कला शाखेकडील आमचे मित्र दोन पावले मागे सरतात, आणि मानसशास्त्राचे नाव काढले की आम्ही वाणिज्यवाले हसतो. परंतु मानसशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या कोणालाही विचारा. त्याच्या प्रबंधाचा बराच भाग कोष्टकांनी भरलेला असतो, आणि ती कोष्टके पुष्कळदा दुसऱ्या कोणाच्या तरी मदतीने झालेली असतात. हे ‘दुसरे कोणीतरी’ म्हणजे संख्याशास्त्रीय सल्लागार. त्याचे काम काय असते आणि त्याला केव्हा बोलवावे, याविषयी थोडे लिहिते आहे, कारण गेल्या वर्षभरात हे काम मला जवळून पाहावयास मिळाले.

माझे काका धार जिल्ह्यातील सरदारपूर येथे राहतात. मही नदीकाठचे हे तहसिलीचे गाव. आमचे पणजोबा नोकरीच्या निमित्ताने तिकडे गेले आणि एक शाखा तिथलीच झाली. काकांची थोरली मुलगी, म्हणजे आमची ताई, मानसशास्त्रात पीएच.डी. करते आहे. आश्रमशाळेत राहून शिकणारी भिल्ल मुले आणि घरून रोज ये-जा करणारी मुले यांच्या स्मरणशक्तीत व परीक्षेच्या धास्तीत काही फरक आढळतो काय, हा तिचा विषय. विषय उगाच निवडलेला नाही. त्या भागातील पुष्कळ आईबाप खरिपाचे पीक निघाले की मजुरीसाठी गुजरातेत जातात आणि होळीच्या सुमारास, भगोरियाच्या बाजारांना परततात. मुलाला वसतिगृहात ठेवावे की आजीजवळ, हा तेथे घरोघरचा प्रश्न आहे. ताईच्या प्रबंधात जे छापले जाईल ते उद्या एखादा अधिकारी वाचेल आणि त्यावरून काही ठरवीलही.

तिचा बेत असा होता : तीन आश्रमशाळा, तीन गावच्या शाळा, प्रत्येकी ४० मुले, एकूण २४०. दिवाळीत मी गेले तेव्हा तिने विचारले, “टी-टेस्ट येते ना ग तुला?” येते. (ही कसोटी आयर्लंडमधील गिनेस या बिअरच्या कारखान्यात काम करणाऱ्या गॉसेट नावाच्या माणसाने १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली, हे मात्र आमच्या गाईडात नाही.) तरीही परत आल्यावर मी तिचे कागद आमच्या संख्याशास्त्राच्या सरांना दाखविले. सरांनी कागद उलटेपालटे केले आणि म्हणाले, “मुले किती ते राहू दे. शाळा किती?”

या एका प्रश्नात सल्लागाराचे अर्धे काम येते. एकाच शाळेतील ४० मुले त्याच गुरुजींच्या हाताखाली शिकलेली, तेच जेवण जेवलेली असतात. एका पोत्यातून ४० मुठी तांदूळ पारखले म्हणून ४० पोती पारखली असे कोणी व्यापारी म्हणणार नाही. मुलांच्या या परस्पर-सारखेपणाला संख्याशास्त्रात एक आकडा असतो. समजा तो ०.१ आहे, म्हणजे फारसा मोठा नव्हे. एका शाळेतील मुलांच्या संख्येतून १ वजा करावा, त्याला या आकड्याने गुणावे व त्यात १ मिळवावा : ३९ गुणिले ०.१, अधिक १, म्हणजे ४.९. एकूण मुलांना या आकड्याने भागले की खरी किंमत कळते. २४० भागिले ४.९ म्हणजे ४९. ताई २४० मुलांना भेटणार, परंतु पुरावा ४९ मुलांइतकाच! दोन गटांत अर्ध्या प्रमाण विचलनाइतका फरक खरोखर असेल आणि तो दहांपैकी आठ वेळा पकडावयाचा असेल, तर प्रत्येक गटात ६४ स्वतंत्र मुले लागतात. येथे पंचवीसही होत नाहीत.

हेच २४० चे गणित २४ शाळांत, प्रत्येकी १० मुले घेऊन करा. भाजक १.९ होतो आणि उत्तर येते १२६. कागद तितकेच, मुले तितकीच; फक्त एस.टी.चे, म्हणजे तिकडच्या खासगी बसचे, हेलपाटे चौपट.

दुसरा मुद्दा भाषेचा, आणि तो आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना चटकन पटेल. स्मरणशक्तीच्या कसोटीत आकडे ऐकवून ते तसेच परत म्हणावयास सांगतात. आता एक ते नऊ मराठीत मोजा : एक, दोन, तीन, चार... सहा आणि नऊ सोडले तर प्रत्येकाला उच्चाराचा एकच ठोका, एकूण ११. कन्नडमध्ये ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु, ओंबत्तु : एकूण २०. जे म्हणावयास जास्त वेळ लागतो ते मनात धरून ठेवणे अवघड जाते. ब्रिटनमध्ये वेल्श व इंग्रजी या दोन्ही भाषा बोलणाऱ्यांवर एलिस आणि हेनेली यांनी हेच तपासले, आणि १९८० साली दाखवून दिले की तीच माणसे वेल्शमध्ये कमी आकडे लक्षात ठेवतात. माणूस तोच, स्मरण तेच! मला स्वतःला आईकडच्या कन्नडमधून फोन नंबर लिहून घेताना दोनदा विचारावे लागते, याचे कारण या निमित्ताने कळले. ताईची मुले घरी भिली बोलतात आणि कसोटी हिंदीत. गुण कमी पडले तर ते स्मरणाचे की भाषेचे, हे टी-टेस्ट सांगू शकत नाही. ‘भिल्ल मुलांची स्मरणशक्ती कमी’ असे वाक्य एकदा छापून गेले की ते पुसायला वीस वर्षे लागतात.

हा पेच आपल्या भागाला नवा नाही. फ्रान्समध्ये बिने यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची कसोटी तयार केली, अमेरिकेत टर्मन यांनी १९१६ साली तिची स्टॅनफर्ड आवृत्ती काढली. ती कसोटी आपल्या धारवाडकडे आणली व्ही. व्ही. कामत यांनी. कन्नड व मराठी अशा दोन्ही भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी ती नव्याने बसविली. तिला बॉम्बे-कर्नाटक आवृत्ती म्हणतात. १९४० साली त्यांचे पुस्तकही निघाले. प्रश्नांचे भाषांतर करून काम भागत नाही. अमुक प्रश्न अमुक वयाच्या किती मुलांना सुटतो हे इथल्या मुलांवर पाहावे लागते, आणि मग प्रश्न वर-खाली सरकवावे लागतात. हे काम मानसशास्त्राचे जितके, तितकेच आकडेमोडीचे. आपल्या कॉलेजात दोन भाषांचा अंक निघतो, पण या गृहस्थांचे नाव आम्हा कोणाला ठाऊक नव्हते, याचे मला नवल वाटले.

तिसरी गोष्ट थोडक्यात. हाती आकडे आले की संशोधक वय, मुलगा-मुलगी, भावंडे, घराचे अंतर अशा वीस तऱ्हांनी तुलना करून पाहतो आणि जिथे ‘सार्थक’ फरक दिसेल तेवढाच छापतो. खरा फरक कोठेच नसला तरी वीस स्वतंत्र तुलनांत निदान एक तरी ‘सार्थक’ निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. २०१५ साली अनेक देशांतील मानसशास्त्रज्ञांनी मिळून छापून आलेले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम सार्थक होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच आला. तेव्हा काय तपासणार हे आधी लिहून तारीख घालून ठेवावे, असा सल्ला हल्ली दिला जातो. आम्हा खतावणीवाल्यांना यात नवीन काही नाही. नोंद आधी, हिशेब नंतर.

सल्लागाराला बहुतेक लोक ३१ मार्चच्या रात्री ऑडिटरकडे बिलांची पिशवी न्यावी तसे शेवटी बोलावतात. १९३८ च्या जानेवारीत कलकत्त्याला पहिली भारतीय संख्याशास्त्र परिषद भरली. तिचे अध्यक्ष रोनाल्ड फिशर यांनी याच सवयीवर बोट ठेवले होते. प्रयोग संपल्यावर आलेल्याला आपण शवविच्छेदन करून मृत्यूचे कारण तेवढे सांगू शकतो, असा त्यांच्या बोलण्याचा भावार्थ. महालनोबीस यांनी १९३१ साली स्थापन केलेली भारतीय संख्याशास्त्र संस्था तेव्हा अवघी सहा वर्षांची होती, आणि खुद्द महालनोबीस मूळचे पदार्थविज्ञानाचे. या विद्येत सगळे दुसऱ्या घरून आलेले दिसतात.

सल्लागाराने निष्कर्ष मात्र लिहू नयेत, असे सरांचे मत आहे, आणि ते मला पटते. मुले पाहिली ती ताईने. सरांनी तिच्या वहीतील मुलांची नावे काढून क्रमांक घालावयास लावले आणि मगच कागद ठेवून घेतले.

चोवीस शाळा ताईला झेपण्यासारख्या नव्हत्या. तिच्या मार्गदर्शकांशी बोलून शेवटी १६ शाळा, प्रत्येकी १५ मुले असे ठरले. भाजक २.४, म्हणजे किंमत १०० मुलांची, गटात ५०. चौसष्टला हे कमी पडते. अर्ध्या विचलनाचा फरक दहांपैकी सातच वेळा पकडला जाईल, आणि तसे प्रबंधात स्पष्ट लिहावयाचे आहे. आकड्यांच्या कसोटीला जोडून चित्रांची एक कसोटी घेतली आहे, आणि सूचना भिली जाणणारी एक शिक्षिका देते. हे लिहीत असताना अकरा शाळा झाल्या आहेत. राहिलेल्या पाचांपैकी दोन डोंगरापलीकडे आहेत, तिथे भगोरियाच्या आठवड्यात मुले सापडणार नाहीत, म्हणून ताई त्याआधीच निघणार आहे.